गाढव नसलेली पुस्तकं

सोलापूर,
गड्ड्याची यात्रा उठल्यानंतरचा रविवार, १९७५

परममित्र रेवणसिद्ध यास धोंडीरामचा सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे. पत्र संपेपर्यंत तो टिकेल अशी हमी देत नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत, निदान शरीराने. तुझ्या मातोश्री सुंदरम्मा अव्वांचे गुडघे या थंडीत कसे आहेत ते कळव. त्यांना म्हणावं, आमच्या सौ. विजयमालेने पाठवलेलं निर्गुडीचं तेल रोज लावा आणि दुकानातल्या पोत्यांवर चढून बसणं बंद करा. नीलम्मावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दुधनीला शेंगांची आवक यंदा जोरात आहे असं ऐकलं, तेव्हा तुझी तब्येत निराळी विचारत नाही. ती शेंगांच्या भावाबरोबर वर-खाली होते हे तुझ्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे.

तर रेवण्या, तू मला एस.टी. स्टँडवर चहाच्या एका कपात जे कन्नड शिकवलंस, त्याने माझं काय झालं ते सविस्तर लिहितो. घाई असेल तर पत्र बाजूला ठेव आणि दुपारी दुकानात माशा मारताना वाच. पण वाच. ट्रेनिंग कॉलेजात माझ्या वहीवरून पाठ काढून पास झालेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

दिवाळीनंतर आमच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, कडीला कुलूप आणि कुलपाला किल्ली (दोन्ही एकाच वेळी हजर असण्याचा आमच्या शाळेतला हा पहिलाच प्रसंग). ही फिरती पेटी, म्हणजे आज या शाळेत, उद्या त्या शाळेत. सोबतच्या कागदात लिहिलं होतं की लहान मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करावी, आणि जिथे पुस्तकं नुसती पडून राहतील तिथून पेटी उचलून दुसऱ्या शाळेला देण्यात येईल. गोडी निर्माण करण्याचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. एक तर तिसरीचा वर्ग माझ्याकडे, आणि दुसरं म्हणजे मधल्या सुट्टीत चहा पिताना मीच एकदा तावातावाने बोलून बसलो होतो की आमच्या पोरांना शाळेच्या पुस्तकाबाहेर एक अक्षर वाचायला मिळत नाही. (माझ्या तोंडाने मला नेहमीच दगा दिलेला आहे, पुढे येईलच.) पण तुला खरं सांगतो, वर्गात पेटी उघडली तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. आमचा वर्ग गप्प होतो म्हणजे काय, ते तू येऊन बघितल्याशिवाय तुला कळणार नाही. पहिल्या बाकावरची महादेवी म्हणून एक पोर आहे, तिने पुस्तकाचा वास घेतला आणि विचारलं, “मास्तर, ही वाचायला हायती का नुस्ती बगायला?” तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी ही पेटी इथून हलू द्यायची नाही.

शनिवारी प्रत्येकाला एकेक पुस्तक घरी दिलं आणि सोमवारी ती सगळीच्या सगळी परत आली. मला केवढा आनंद! उघडून बघतो तर पहिल्या पानावरच्या वाघाच्या कपाळाला हळदीकुंकू. सशाला हळदीकुंकू. एका पुस्तकातल्या दरोडेखोरालासुद्धा हळदीकुंकू आणि वर दोन अक्षता. चौकशी केली तेव्हा कळलं की पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला पोरांच्या खरकट्या हातांत कशी द्यायची, म्हणून आयांनी ती थेट देवळीत ठेवली होती. दोन दिवस पूजा झाली, धूप झाला आणि सोमवारी विसर्जन. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. पानं इतकी कोरी करकरीत की सुपरवायझरसाहेब तपासणीला आले असते तर त्यांना वाटलं असतं, पेटी कालच आली. आमच्या शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं कन्नड बोलणाऱ्या घरांतली, कुणाचा बाप भुसाराच्या दुकानात, कुणाचा मार्केटात हमाल. हेडमास्तर म्हणाले, आयांना मराठीतून सांगून काही डोक्यात शिरायचं नाही, पालकसभा घ्या आणि कन्नडमधून समजवा. (स्वतः हेडमास्तरांना कन्नड येत नाही. ज्याला जे येत नाही ते तो दुसऱ्याला करायला सांगतो, आणि मग त्याला हेडमास्तर करतात.)

म्हणून त्या दिवशी मी तुला स्टँडवर गाठलं. तू पाच वाक्यं शिकवलीस, मी घोकली. घरी विजयमालेसमोर म्हणून दाखवली तर ती म्हणाली, छान वाटतंय, फक्त कुणाशी तरी भांडताय असं वाटतंय. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. तू शिकवलंस ‘कथे’, म्हणजे गोष्ट. बरोबर. पण रेवण्या, आम्ही वैरागची माणसं. ‘हितं’ आणि ‘तितं’ म्हणून लहानाची मोठी झालेली. तुझा तो ‘थ’ आमच्या तोंडात शिरला की ‘त’ होऊनच बाहेर पडणार, आणि भाषणात जोर दिला की त्या एका ‘त’चे दोन ‘त’ होणार, एवढं तुला शिकवतानाच कळायला नको का? दुसरं, तू शिकवलंस ‘ओदि’, म्हणजे वाचा. त्याचं मी ‘ओडि’ केलं. हा मात्र सर्वस्वी माझा शोध. कन्नड बोलताना प्रत्येक अक्षर जरा टणक उच्चारावं म्हणजे ते अस्सल वाटतं, असा माझा समज होता.

सभेला बायका मोप आल्या. खरं तर एवढ्या येतील असं वाटलं नव्हतं. मी उभा राहिलो, कोट सारखा केला आणि जे बोललो ते माझ्या मनात असं होतं: बायांनो, दर शनिवारी मी तुमच्या घरी एक गोष्ट पाठवीन. पोरांना ती जोरात वाचू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐका. तिला हळदीकुंकू लावू नका. सोमवारी जशीच्या तशी परत करा. आणि त्या माऊल्यांनी ऐकलं ते असं: बायांनो, दर शनिवारी मी तुमच्या घरी एक गाढव पाठवीन. पोरांना जोरात पळू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐका. त्याला हळदीकुंकू लावू नका. सोमवारी जसंच्या तसं परत करा. (‘कत्ते’ म्हणजे गाढव आणि ‘ओडि’ म्हणजे पळा, हे तुला सांगायला नकोच. मला कुणीतरी सांगायला हवं होतं.)

कुणी हसलं असतं तरी मी वाचलो असतो. पण कुणी हसलं नाही. दुष्काळात सरकारने कधी लाल मिलो ज्वारी दिली, कधी सुकडी दिली, कधी दुधाची भुकटी दिली. आता गाढव देतंय, तर काहीतरी विचार करूनच देत असेल, अशा गंभीर चेहऱ्याने सगळ्या बघत होत्या. महादेवीची आई रत्नम्मा तेवढी उठली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, अंगठा उठवते, पण गल्लीत तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, “मास्तर, कत्ते कशाला हो? द्यायचंच हाय तर शेळी द्या की. दूद तरी मिळंल.” मला वाटलं, हिला शेळीची गोष्ट हवी आहे. पेटीत शेळीचं एक पुस्तक होतंच. मी तोंडभर हसून म्हणालो, शेळीपण आहे, तीही मिळेल! सभेत एकदम आनंदाची लाट. मागून एका लेकुरवाळीने विचारलं की गाढवच मिळालं तर निदान मादी मिळेल का, कारण बाळाच्या छातीत कफ आहे आणि गाढविणीच्या चमचाभर दुधाने उतारा पडतो. हे तिने कन्नडमध्ये विचारल्यामुळे मला काही कळलं नाही, म्हणून मी मान डोलावली. मग पुढे बसलेल्या पोरांकडे वळून हात वर केला आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला, “ओडि!” सगळा वर्ग उठला आणि पळाला. काही फाटकापर्यंत, काही चिंचेच्या झाडापर्यंत, आणि गुरुबसप्पा नावाचा एक आज्ञाधारक मुलगा तर थेट स्वतःच्या घरी. पोरांना वाचनाची इतकी ओढ लागलेली बघून माझे डोळे भरून आले.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर ही गर्दी. बायकांच्या हातांत दावी. एकीच्या डोक्यावर कडब्याची पेंढी, आणि त्या लेकुरवाळीच्या हातात वाटी-चमचा. हेडमास्तरांनी मला विचारलं, मी महादेवीला विचारलं, आणि तिने माझ्या कानाशी येऊन ‘कत्ते’ म्हणजे काय ते सांगितलं. त्या क्षणी मला भूमीने पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. चूक कबूल करावी तर चारचौघांत मास्तरची अब्रू जाणार, न करावी तर गाढव आणायचं कुठून? मी मराठीतून (आता कन्नड बोलायची हिंमत कुणाला होती!) ओरडून सांगितलं, गाढव पुस्तकात आहे, पुस्तकात! आणि पेटीतलं एक पातळ पुस्तक काढलं. नशीब माझं, त्यात खरोखरच एक गाढव होतं, आणि ते लग्नाच्या वरातीत शिरतं अशी गोष्ट होती. मी तिथेच पायरीवर उभा राहून वाचायला लागलो. पोरं बाजूने आयांना कन्नडमध्ये सांगत होती. गाढव नवरदेवाच्या मुंडावळ्या खातं तिथे रत्नम्मा इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पदर लागला. गोष्ट संपल्यावर तिने बायकांना काहीतरी समजावलं. महादेवीने मला त्याचं मराठी केलं ते असं, की पैल्यांदा पोरांनी पुस्तकातलं गाढव हुडकायचं, मग सरकार खरं देतंय. मी कपाळाला हात लावला. पण बायका दावी गुंडाळून, पुस्तकं घेऊन निमूट घरी गेल्या, तेव्हा मीही गप्प बसलो.

आता पुढची गंमत बघ. गाढवाचं पुस्तक ते एकच. बाकीच्या साऱ्या पेटीत गाढव औषधालाही नाही. पण पोरांना हे कुठं ठाऊक? सोमवारी गुरुबसप्पा आला आणि पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, “मास्तर, ह्यात गाढव न्हाय.” मी म्हणालो, नीट बघितलंस का? तर म्हणे बघितलं. मी म्हणालो, मग सांग काय काय आहे त्यात. आणि त्याने गाढव नसल्याचा पुरावा म्हणून ती सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली! ज्या मुलाच्या तोंडून वर्षभरात ‘हजर’ याशिवाय दुसरा शब्द मी ऐकला नव्हता, त्याने. मी म्हणालो, मग दुसरं ने, त्यात असेल. (हो, खोटं बोललो. आणि पुढे प्रत्येक सोमवारी न लाजता बोललो.) मग जो तो गाढव शोधायला लागला. एकात उंट सापडला, एकात राक्षस, एकात विहीर चोरणारा वाणी. पोरं चिडायची, वाद घालायची, खेचर हे अर्धं गाढव धरायचं की नाही यावर तर मधल्या सुट्टीत मारामारी झाली. घरी आया रोज संध्याकाळी विचारायच्या, मिळालं का रे? म्हणून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. कुंकू बंद झालं. पानांवर आता चटणीचं तेल, भाकरीचा चुरा, एका पानावर तर चक्क तान्ह्या बाळाचे दात उमटलेले. मला हे सगळं बघून किती बरं वाटलं ते मी तुला लिहू शकत नाही, तू दुकानदार आहेस.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सुपरवायझरसाहेब शाळेत आले. पेटी राहणार की जाणार याचा निकाल त्यांच्या हातात. मी रात्रभर तळमळलो होतो, पण वर्ग ठणठणीत होता. साहेबांनी एका मुलाला उभं केलं आणि पुस्तक कसं वाटलं विचारलं. तो म्हणाला, “गाढव न्हाय साहेब.” दुसऱ्याला विचारलं. “ह्यातबी गाढव न्हाय.” तिसऱ्याचं तेच. हेडमास्तरांचा चेहरा आणि त्यांचा पांढरा सदरा यांचा रंग एक व्हायला लागला. शेवटी त्यांनी महादेवीला विचारलं की तुमच्या शाळेत हे गाढव-गाढव काय चाललंय? तिने विहीर चोरणाऱ्या वाण्याची गोष्ट सांगायला घेतली. मधेच साहेबांनी ‘मग वाणी पळाला’ असं स्वतःचं घुसडलं तर म्हणाली, “न्हाय साहेब, तुमी वाचलं न्हाय वाटतं.” मी डोळे मिटून घेतले. पण साहेब हसले. अगदी पोट धरून हसले. पुस्तकं चाळली, तेलाचे डाग बघितले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शाबास मास्तर, अशी वापरलेली पुस्तकं मी कुठल्याच शाळेत बघितली नाहीत. पोरांनी सगळी वाचून काढली. म्हणजे इथलं काम झालं. पेटी पुढच्या शाळेला पाठवून देऊ!

रेवण्या, तू मला सांग, या माणसाशी काय बोलावं? वाचली नाहीत तर पेटी जाणार, आणि वाचली तर वाचून झाली म्हणून जाणार. मी म्हणालो, साहेब, पोरं आता कुठं दुसऱ्यांदा वाचायला लागली आहेत. ते म्हणाले, एकदा वाचलेलं पुन्हा कशाला वाचायचं? मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. वर्गात सांगितलं तेव्हा महादेवी बाकाखाली तोंड घालून बसली ती मधल्या सुट्टीतही उठली नाही.

परवा शिपाई हातगाडी घेऊन पेटी न्यायला आला. बघतो तर पेटीवर रत्नम्मा बसलेली, भोवती सगळ्या बायका, आणि पुन्हा हातांत दावी. रत्नम्मा म्हणाली, “मास्तरनी भर सभेत कबूल केलंय. घरटी एक गाढव. ते आणा, मग पेटी न्या. तवर हितनं हलायची न्हाय.” शिपाई रिकामी गाडी घेऊन परत. संध्याकाळी कचेरीतून हेडमास्तरांना कागद आला की पालकांना पशुधन देण्याचे आश्वासन कोणी आणि कोणत्या अधिकारात दिले याचा खुलासा करावा. हेडमास्तरांनी आयुष्यात प्रथमच शौर्य दाखवून उत्तर लिहिलं की सदर बाब विचाराधीन आहे. त्यावर वरून काल शेरा आला: निर्णय होईपर्यंत पेटी आहे तेथेच ठेवावी. म्हणजे जोवर आमच्या गल्लीला गाढवं मिळत नाहीत तोवर आमच्या पोरांना पुस्तकं मिळणार. आणि सरकारकडून गाढव सुटायला किती वर्षं लागतात ते तुला माहीतच आहे.

एवढंच लिहायचं होतं. अव्वांना शिरसाष्टांग नमस्कार सांग. चटणी संपत आली आहे हे सहज कळवतो.

तुझ्या कन्नडचा बळी,
धोंडीराम

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. रत्नम्माचं माहेर दुधनीचं. शिवरात्रीला ती तिकडे यायची आहे आणि शेंगा तुझ्याच दुकानातून घेते, असं महादेवीकडून कळलं. ती तुला हमखास विचारणार की आमचे मास्तर म्हणाले ते नक्की काय. रेवणसिद्धा, हात जोडून विनवतो, तिला माझी चूक सांगू नकोस. वर मी तुला जे काही बोललो ते सगळं मागे घेतो. तू उत्तम शिकवतोस. ‘कत्ते’ म्हणजे गाढवच, आणि मास्तर गाढवच म्हणाले, एवढंच तिला छातीवर हात ठेवून सांग. तिला एकदा खरं कळलं की ती पेटीवरून उठेल, आणि ती उठली की पेटी गेली.

ता. ता. क. – वरची विनंती रद्द समज. पाकिटावर तुझा पत्ता घालून चिकटवणार, एवढ्यात रत्नम्माच दारात आली. महादेवीला ताप आहे, उद्या शाळेत यायची नाही, म्हणून पुस्तक परत द्यायला स्वतः आली होती. विजयमाला चहा ठेवायला आत गेली, आणि हिने कट्ट्यावरचं पाकीट उचललं, बोट ठेवलं आणि म्हणाली, “दु... ध... नी.” मी म्हटलं, रत्नम्मा, हे कधी शिकलात? तर म्हणे, रोज पोरीच्या बोटाकडं बघून. मग पाकीट हालवून विचारलं, आमच्या गावात कुणाला लिवताय? मी म्हटलं, मला कन्नड शिकवलं त्या शेंगावाल्या मित्राला. तशी ती हसली. “कथे म्हनायचं हुतं तुमाला. मला तवाच कळलं की, पैल्याच दिवशी. पर मास्तर, गाढव मागितल्याबिगर हितं आमची पुस्तकं कोन ठिवतंय? त्या शेंगावाल्याला म्हनावं, गप ऱ्हा.” तेव्हा गप राहा. पत्र उद्याच्या टपालानेही निघेलसं वाटत नाही. ती आता तुझं नाव वाचते आहे. ‘रेवणसि’पर्यंत आली आहे, ‘द्ध’पाशी अडली आहे, मी सांगू लागलो तर सांगू देत नाही आणि पाकीटही सोडत नाही.